शंभर सूत

इंचाचे आठ सूत.
हे मी अकराव्या वर्षी शिकलो,
लकडगंजातल्या आऱ्यावर, भुशात बसून.
नस किती वाढते ते एकेचाळिसाव्या वर्षी,
मेडिकलच्या सतरा नंबरच्या खोलीत.
दिवसाला एक मिलिमीटर, डॉक्टर धकाते म्हणाले.
म्हणजे तीन दिवसाले एक सूत, मी म्हटलं.
ते थांबले. हो, म्हणाले. साधारण.

आऱ्याने घेतलं होतं कोपराखाली चार बोटांवर.
तिथून करंगळीच्या टोकापर्यंत
मी दुसऱ्या हाताने टेप लावून पाहिला:
साडेबारा इंच.
शंभर सूत, तीनशे दिवस,
नसेने एकही सुट्टी घेतली नाही तर.

शिवली ती फक्त वरची साल, केसाहून बारीक दोऱ्याने.
आतलं, कापाच्या पुढचं, सगळं मरणार होतं.
मरू द्यायचं.
मग तिथल्याच पेशी मेलेलं उचलतात,
नळ्या मोकळ्या करतात
आणि रांगेत उभ्या राहतात, इकडून या म्हणत.
वरून नवं टोक निघतं.
त्याले डोळे नसतात, बावा, बोटं असतात,
इतकुशी, भिंत चाचपणारी,
ओळखीचं लागलं तर धरणारी, नाही तर आखडणारी.

म्हणजे माझ्या हातात आणखी एक हात
अंधारात उतरून राह्यला होता,
आणि बाहेरचा हा, पाटावर,
कोणी विसरून गेल्यासारखा.

जेवणं झाली की सुकेशनी टिचक्या मारत यायची
मनगटाकडून वर.
जिथे मारल्यावर झिणझिण्या करंगळीत उठल्या
तिथे टोक आलं.
कानामागची पेन्सिल काढून मी रेघ मारायचो.
अंघोळीत पुसली जायची,
म्हणून तिने कॅलेंडरवर गॅस-सिलिंडरच्या तारखेखाली
सूत लिहायला घेतले. अकरा. चौदा. चौदा. सोळा.

मे महिन्यात मनगटापाशी अडलं.
कूलर गरम वारा फेकत होता,
पंधरा रात्री रेघेवर रेघ.
वेलजीभाईंनी माझ्या जागी नवा पोरगा घेतला,
मला भेटायला आले, आंबे ठेवून गेले.
त्याच आठवड्यात चहाच्या गंजाला टेकलेली करंगळी
मला वासावरून कळली.
सुकेशनी बर्फ चोळत होती, ओरडत होती,
आणि मी बघत होतो, कोणाचं तरी बोट भाजलं.

मग एकदम दोन सूत.
काहून, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

मारबतीच्या दिवशी इतवारीत धाकट्याला खांद्यावर घेतलं.
धुरळा, ढोल, ईडा-पीडा घेऊन जा,
त्याची चप्पल घासली करंगळीला
आणि अनामिका चमकली.
अनामिका! तिला कोणी हातही लावला नव्हता.

काही टोकं शेजारच्या नळीत शिरली,
हेडाऊ मॅडम म्हणाल्या. आता ती परत फिरत नाहीत.
तिकडचा रस्ता तसाच राहणार, गजभिये दादा,
इकडची पाटी बदलायची.
डोळे मिटा.

हातावर बटण ठेवतात. खिळा. तांदूळ.
रोज चुकतो. खिळ्याला तांदूळ म्हणतो.
परवा मी घरून पिशवी नेली,
साग, बीजा, शिसम, हळदू, तेंदूचा तुकडा,
त्यांनाच ओळखता येत नव्हते,
म्हणून पाठीवर खडूने आकडे घातले.

पहिल्यावर करंगळी फिरवली.
आधी काहीच नाही.
मग अनामिकेच्या नावाने एक बारीक खरखर आली,
उभी, थोडी तेलकट,
लांबून कोणी बोलावं तशी.
साग, मी म्हटलं.

मॅडम कागदात आकडा शोधत होत्या.
मी डोळे उघडले नाहीत.
थांबा, म्हटलं, सांगू नका.
दुसरा द्या.